बांधाखालची काच

दोन हजार एकोणीस साल. मी तवा चौसष्ट वर्षांचा होतो. जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली, त्यामुळं एखादं वर्ष इकडंतिकडं. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत असताना बाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला चारायला निघाला आणि मला संगं घेऊन गेला. त्यानंतर मी परत पाटी धरली नाही. सही येते. पेपर वाचतो, पण बोट ठेवून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

त्या साली भर उन्हाळ्यात आमच्या बांधाशी एक पिवळं खोदायचं यंत्र येऊन उभं राहिलं. आमचं गाव जत तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. ग्रामपंचायतीत इंटरनेटची तार न्यायची होती. तार रस्त्याच्या कडेनं जाणार, आणि रस्त्याच्या कडेला माझा बांध. मी काठी आडवी टाकली आणि बांधावर बसलो.

सरपंच आला. वयानं माझ्या पोराएवढा, पण डेअरीचा चेअरमनही तोच, त्यामुळं जरा मोठ्यानं बोलायची सवय.

"आप्पा, उठा की. सरकारी काम हाय."

"असू दे. काय जातंय ह्याच्यातनं?"

"नेट जातंय."

"नेट म्हंजे काय?"

"आता ते कसं सांगू? मोबाईलवर येतंय ते."

"मोबाईलवर हवेतनं येतंय. मग माझा बांध कशाला उकरायचा?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं. यंत्रवाल्याकडं नव्हतं. जमलेल्या पंधरा-वीस माणसांत एकाकडंही नव्हतं, पण अडाणी मात्र मी एकटा ठरत होतो.

माझ्या हट्टाला कारण होतं. दहा-बारा वर्षांमागं आमच्या माळावर पवनचक्क्या आल्या, तवा एक माणूस कागद घेऊन आला. त्यानं तो भराभरा वाचला आणि विचारलं, "कळलं का?" चारचौघांत नाही कसं म्हणायचं, म्हणून "कळलं" म्हणालो आणि सही ठोकली. काय लिहिलं होतं ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. नुकसान काही झालं नाही. पण ते "कळलं" माझ्या घशात अडकून बसलं. तवाच ठरवलं होतं, आता परत न कळता व्हय म्हणायचं नाही.

तर असा मी बसलेलो असताना एका जुन्या स्कूटरवरनं अण्णा आले. बारीक अंग, पांढरी टोपी, पांढरा सदरा, स्कूटरला मागं दोरीनं बांधलेली एक पत्र्याची पेटी. सांगलीकडचे जैन. वय अठ्ठावन्न. तारांचे जोड करायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "मालकांचा प्रश्न बरोबर आहे."

सरपंच म्हणाला, "अण्णा, तुमी पण व्हय?"

"त्यांच्या रानातनं जाणार. काय जाणार ते त्यांना कळायला नको? यंत्र घेऊन जा. चार दिवस पुढच्या बाजूचं खोदा." आणि मला विचारलं, "मालक, एक खोली मिळेल का राहायला? मला रोज येऊन-जाऊन जमणार नाही. चार दिवसांत एवढं शिकवून होत नाही."

आमच्या घरात ते पाच महिने राहिले.

*

अण्णांचं राहणं म्हणजे घरात दुसरं घड्याळ आणल्यासारखं होतं. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण. काम कुठंही असो, कसंही असो, सूर्य टेकायला आला की हातातलं सोडून उठणार आणि स्कूटरवर बसून घरी येणार. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पाणी फडक्यानं गाळलेलं. आमची कारभारीण पहिल्या दिवशी म्हणाली, "आवं, ह्या माणसाला खायला घालायचं तरी काय?" आठ दिवसांनी तिनंच मला सांगितलं, की अण्णांसारखा ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी चवीनं खाणारा माणूस तिनं बघितला नव्हता. माझ्याकडं बघून सांगितलं.

खड्ड्यातनं जाताना मुंग्यांचं वारूळ लागलं तर खोदाई थांबायची. मजूर कर्नाटकातले. अण्णा त्यांना कानडीत "निधान, निधान" म्हणायचे, म्हणजे सावकाश. वारुळाला वळसा घालून चर काढायचा. एकदा एक मजूर म्हणाला, अशानं पावसाळा येईल. अण्णा म्हणाले, "पावसाळा आपल्यासाठी थांबणार नाही आणि मुंग्याही हलणार नाहीत. हलू शकतोय तो आपण एकटा."

त्यांच्या पेटीत लोणच्याची एक रिकामी बरणी असायची. काचेची तार सोलताना-तोडताना जे केसाएवढे तुकडे पडतात, ते चिमट्यानं उचलून त्या बरणीत टाकायचे. एकही मातीत राहू द्यायचे नाहीत. "पायात गेला तर दिसत नाही आणि निघत नाही," म्हणायचे. खड्ड्यापाशी आधी एक काळं फडकं अंथरायचे आणि काम झालं की त्या फडक्यावर गुडघे टेकून दहा-दहा मिनिटं तुकडे शोधायचे. रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, "अण्णा, काय हरवलंय?" ते म्हणायचे, "अजून काही नाही."

आणि एक गोष्ट त्यांना खपायची नाही. कुणी म्हणालं "नेट हवेतनं येतंय" की चालत्या स्कूटरवरनं उतरायचे. गावातल्या टवाळांना हे कळलं होतं. पारावरनं मुद्दाम हाक यायची, "अण्णा, आज हवेत नेट जरा कमी हाय वो!" हे गाडी लावून, टोपी सारखी करून पारापाशी जायचे. "हवेत असतंय ते टॉवरपासून तुमच्या हातापर्यंत. टॉवरच्या पुढं सगळं जमिनीखालनं. समुद्राखालनं सुद्धा. मुंबईच्या किनाऱ्यावर काचेची तार पाण्यात उतरते आणि दुसऱ्या देशात वर निघते." टवाळ हसायचे. दुसऱ्या दिवशी परत हाक मारायचे. दुसऱ्या दिवशी हे परत उतरायचे, आणि परत तेवढंच सगळं, पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

"कशाला त्यांच्या नादी लागताय?" मी एकदा म्हटलं.

"पाचातला एक तरी ऐकत असेल की."

*

मला शिकवायची त्यांची पद्धत वेगळीच होती. प्रश्न विचारला की उत्तर त्याच दिवशी नाही. "उद्या विचारा. रात्र गेल्यावरही तोच प्रश्न राहिला, तर तो खरा." माझे अर्धे प्रश्न असेच गळून गेले. राहिले ते मात्र मी सोडले नाहीत.

पहिला राहिलेला प्रश्न असा, की काचेच्या तारेतनं उजेड जातो म्हणता, तर तार वळली की उजेड सरळ जाऊन बाहेर का पडत नाही? बॅटरी लावली तर उजेड सरळ जातो, कोपऱ्यावरनं वळत नाही. हे तर मेंढरामागं फिरणाऱ्यालाही ठाऊक असतंय.

अण्णांनी भर दुपारी आमच्या कडब्याच्या खोलीची दारंखिडक्या लावायला सांगितल्या. प्लॅस्टिकच्या बाटलीला खालच्या अंगाला एक भोक पाडलं, बाटली पाण्यानं भरली, भोकावर बोट धरलं आणि मागल्या बाजूनं बॅटरी लावली. कारभारीण दारात उभी. आमच्या गावाला टँकर तीन दिवसांआड.

"पाणी सांडणार हाय व्हय?"

"सांडणार."

"मग थांबा," म्हणाली, आणि घमेलं आणून खाली धरून बसली.

अण्णांनी बोट काढलं. पाण्याची धार वाकून घमेल्यात पडायला लागली. "मालक, धारेखाली हात धरा." मी धरला. माझ्या तळव्यावर उजेडाचा ठिपका नाचत होता. बॅटरी समोर भिंतीकडं तोंड करून, धार खाली वळलेली, आणि उजेड धारेच्या आतनं धारेबरोबर वळून माझ्या हातावर पडलेला. मी दुसरा हात धरला. त्यावरही पडला.

"आतल्या आत आपटत आपटत जातो," अण्णा म्हणाले. "पाण्यातनं हवेत जायला बघतो, कडेला आदळतो, परत आत येतो. काचेतही तसंच."

कारभारीण घमेल्यात बघत होती. "आवं, पाणी सपलं की उजेड पण सपतोय."

अण्णा एवढे खूश झाले, की म्हणाले, "वहिनी, हे कॉलेजातल्या पोरांना सांगायला लागायचं." त्या दिवसापासनं ती मला सारखी विचारायची, आज काय शिकलात, आणि मी सांगितलं की म्हणायची, "एवढंच?"

दुसरा प्रश्न पंधरा दिवस राहिला. एका तारेतनं एवढ्या माणसांचं बोलणं, फोटो, सिनेमे जातात, ते एकमेकांत मिसळत का नाहीत? मी म्हटलं, दोन कळप पाणवठ्यावर मिसळले तर कानावरच्या खुणेवरनं निवडायला आम्हाला अर्धा दिवस लागतो.

अण्णांनी मला माझ्या थोरल्या बहिणीला पत्र लिहायला लावलं. ती कवठे महांकाळच्या पलीकडं दिलेली. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. मग कात्रीनं पत्राचे सात तुकडे केले. प्रत्येकावर वर लिहिलं कुणाकडं, कुणाकडनं, आणि सातपैकी कितवा. ते सात तुकडे सात जणांकडं दिले. एक एसटीच्या कंडक्टरकडं, एक दुधाच्या टेम्पोवाल्याकडं, एक टँकरच्या ड्रायव्हरकडं, एक शाळेतल्या गुरुजींकडं, असे सात. कुणी सरळ वाटेनं जाणारा, कुणी मिरजेवरनं फिरून. मला म्हणाले, "ह्यातल्या कुणाला चिठ्ठीत काय आहे ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही. पुढं कुणाच्या हातात द्यायची, तेवढं कळलं की बास."

चौथ्या दिवशी बहिणीचा फोन.

"काय रं, डोकं फिरलंय काय तुझं? कागदाचं कपटं पाठवतोयस! सून चिकटवत बसलीया. तिसरा आधी आला, पयला काल आला."

"सगळं आलं का?"

"पाचवं न्हाई. तू येणार हायस एवढं कळलं. कवा येणार ते त्या पाचव्यात असंल बघ."

पाचवा टँकरवाल्याकडं होता. त्याच्या शर्टाच्या खिशात राहिला आणि शर्ट धुवायला गेला. अण्णांनी फक्त पाचवा परत लिहिला आणि दुसऱ्या माणसाकडं दिला. "सगळं पत्र परत पाठवायचं नाही. पोचलं नाही तेवढंच. आणि पोचलं का नाही, हे घेणाऱ्यानं कळवायचं. इंटरनेटमध्ये हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत हुतंय."

बहिणीनं परत फोन केला. म्हणाली, "आरं, फोन हाय की तुझ्याकडं. फोनवर सांग की कवा येतोयस!"

तिला काय सांगायचं! पण मला कळलं होतं. खोटं कळलं नव्हतं, खरं कळलं होतं. त्या संध्याकाळी मी बांधावर गेलो, आडवी टाकलेली काठी उचलली आणि यंत्रवाल्याला म्हटलं, "खोद."

*

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय, पण अण्णांबद्दल लिहायचं तर ते सोडून चालणार नाही.

तारेचा एक मोठा जोड माझ्याच बांधापाशी होता. दोन्हीकडच्या काचा एका छोट्या मशिनमध्ये समोरासमोर धरायच्या. मशिन ठिणगी टाकतं आणि दोन्ही वितळून एक होतात. मग उरलेल्या काचेची सैल वेटोळी करून काळ्या पेटीत ठेवायची, झाकण आवळायचं आणि पेटी मातीत. अण्णांनी मला मशिनच्या पडद्यावर जोड दाखवला. मला काहीच दिसलं नाही. "दिसला नाही ना? म्हणजे चांगला. दिसतो तो जोड वाईट."

तेवढ्यात सूर्य टेकायला आला. अण्णा उठले. "मालक, झाकण लावा आणि सहा स्क्रू आवळा. दुसरं काही करू नका." आणि स्कूटरवर बसून जेवायला गेले.

मी दुसरं केलं.

आमच्यात नवं काम मातीत मोकळं घालत नाहीत. विहिरीचा पाया असो, घराचा असो, देवाचा भंडारा आणि सुपारी ठेवल्याशिवाय माती लोटायची नाही. माझ्या बापानं ठेवली, आज्यानं ठेवली. आणि हे काम तर माझ्या बांधातलं, मी कळून घेऊन होऊ दिलेलं. कारभारणीकडनं सुपारी सकाळीच मागून आणली होती. खड्ड्यात ठेवली असती तरी चाललं असतं. पण मला वाटलं, कामाचा जीव पेटीत आहे, तर सुपारी पेटीतच पाहिजे. वेटोळ्यांवर ठेवली, बोटानं भंडारा लावला, हात जोडले, झाकण ठेवलं. जरा जड बसलं. मी जोर लावून सहाही स्क्रू आवळले.

पुढं दोन महिने काम पावसानं थांबत थांबत गावाकडं सरकत गेलं. मधे एका दिवशी अण्णांनी मला तांबड्या उजेडाची एक पेनाएवढी बॅटरी दाखवली. ती तारेला लावली, तार मनगटावर गुंडाळली. काही झालं नाही. मग करंगळीवर घट्ट गुंडाळली, तसा वळणातनं तांबडा उजेड बाहेर झिरपायला लागला. "एवढं आवळलं की आतला उजेड कडेला आदळून परत फिरत नाही, निसटतोय." मी मान डोलावली. कळलं म्हणालो. खरंच कळलं होतं. पण माझ्या पेटीचा विचार डोक्याला शिवला नाही.

उलट मी तवा फार वर चढलो होतो. गावात मला "नेटवालं आप्पा" म्हणायला लागले होते. चेष्टेनं म्हणत होते हे मला कळत होतं, पण बरं वाटत होतं. पारावर बसून मी समुद्राखालची तार सांगायचो. शिकलेली पोरं थांबून ऐकायची.

*

गणपती झाल्यावर लाईन चालू करायचा दिवस आला. ग्रामपंचायतीत सगळे जमले. अण्णांनी शेवटची तार तिथल्या नेटच्या डब्याला लावली. डब्यावर हिरवा दिवा लागायचा, तो लागला तांबडा. परत लावली. तांबडाच. त्यांनी मोजायचं मशिन काढलं. ते मशिन तारेत उजेड सोडतं आणि उजेड कुठं कमी होतो ते अंतर सांगतं. अण्णांनी आकडा बघितला, आपल्या वहीत बघितलं, आणि चष्मा काढून हातात धरला.

"पाचशे चाळीस मीटर. मालकांच्या बांधावरचा जोड."

सरपंच म्हणाला, "तो तुमचाच न्हवं?"

"माझाच."

"मग अण्णा, चष्मा बदला आता," सरपंच म्हणाला, आणि माणसं हसली. मीही हसलो असेन. पण मग "पाचशे चाळीस" कानात घुमायला लागलं, आणि करंगळीवरनं झिरपणारा तांबडा उजेड डोळ्यापुढं आला. झाकण जड बसलं होतं ते हाताला आठवलं. बिघाड कशाचा आहे हे तिथं उभ्या असलेल्या माणसांत मला एकट्याला कळलं. शिकलो नसतो तर कळलं नसतं, आणि मी सुखात घरी गेलो असतो.

मी माणसांच्या मागं सरकलो.

अण्णांचा एक नियम होता. आपला बिघडलेला जोड आपण उघडायचा नाही, दुसऱ्यानं उघडायचा. आपण उघडला तर माणूस स्वतःची चूक झाकतो, म्हणायचे. त्यांनी कंत्राटदाराला फोन करून दुसरा माणूस मागितला. तो परवा येणार होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा ओट्यावर बसून मशिन पुसत होते. प्रत्येक भाग कापसानं, अत्तराच्या बाटलीसारख्या बाटलीतलं औषध लावून. मी विचारलं, "आज कुठं काम?"

"काम नाही. हे मशिन देऊन टाकणार. सांगलीत एक ओळखीचा आहे, त्याला."

"का?"

"डोळा गेला, मालक." अगदी शांतपणे म्हणाले. "वाईट जोड वाईट दिसला असता तर परत केला असता. पण मला तो चांगला दिसला. वाईट ते चांगलं दिसायला लागलं, की ह्या कामातनं उठावं. तीस वर्षं झाली. बास."

"पुढच्या गावांचं काम?"

"कंत्राटदार बघेल."

मी उठून आत गेलो. कारभारीण चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"सकाळी सुपारी मागून नेली व्हती तुमी, त्या जोडाच्या दिवशी. कुठं ठेवली?"

"गप."

"आवं, ते काल जेवल्यालं न्हाईत. भाकरी तशीच परत आलीया."

"गप म्हटलं ना."

तिनं परत आलेली भाकरी माझ्यापुढं ठेवली.

मनात आलं, आपणच जाऊन उकरावं, सुपारी काढावी, झाकण लावावं. दिवा हिरवा होईल आणि कुणाला काही कळणार नाही. पण अण्णांनी मला शिकवलं होतं, की आपोआप बरी झालेली लाईन सगळ्यात वाईट, तिच्यावर परत विश्वास बसत नाही. म्हणजे दिवा लागला असता, पण त्यांचा स्वतःच्या डोळ्यावरचा विश्वास गेला तो गेलाच असता.

दुपार कलल्यावर मी कुदळ घेतली आणि ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, पंचायतीत जाऊन तारंला तांबडा उजेड लावून या. आन् मग बांधावर चला."

"मी उघडत नाही. माझा नियम आहे."

"तुमचा जोड तुमी उघडू नका. झाकण माझं हाय. ते मी लावलं व्हतं, ते मी उघडतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग स्कूटरला किक मारली.

बांधावर मी उकरलं. पेटी वर काढली, मातीचा कण आत जाऊ नये म्हणून फडक्यानं पुसली, त्यांच्यासारखीच. सहा स्क्रू काढले. झाकण उचलायच्या आधी खांद्यावरची घोंगडी डोक्यावरनं घेतली, उजेड अडवायला, आणि अण्णांनाही आत बोलावलं. दोन म्हातारे एका घोंगडीत, पेटीवर वाकलेले. झाकण उचललं. पिवळी सुपारी मधोमध बसली होती, काच तिच्या कडेनं करकचून वळली होती, आणि सुपारीभोवती तांबड्या उजेडाचं कडं पडलं होतं.

अण्णांनी चष्मा सारखा केला.

"कधीपासनं ठाऊक आहे?"

"काल दिवा तांबडा लागला तवापासनं."

"मग आज का सांगितलं?"

"मशिन देणार म्हणला म्हणून."

त्यांनी दोन बोटांनी सुपारी अलगद उचलली. काच आपोआप सैल झाली, तांबडं कडं विझलं. मग त्यांनी खिशातनं भिंग काढलं, जोडावर धरलं, आणि घोंगडीच्या आतनंच म्हणाले, "दिसत नाही. मालक, जोड दिसत नाही." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "बघा, तुम्ही पण बघा. दिसतोय का?"

"न्हाई दिसत."

"चांगला आहे," म्हणाले. "माझा जोड चांगला आहे."

वेटोळी परत सारखी करून त्यांनी झाकण स्वतःच्या हातानं लावलं. सुपारी खड्ड्यात, पेटीच्या बाजूला ठेवली आणि म्हणाले, "इथं ठेवायला माझी हरकत नव्हती. विचारायचं होतं."

मी माती लोटली.

दिवस मावळायच्या आत पंचायतीत हिरवा दिवा लागला. माणसं जमली, सरपंचानं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "काय निघालं अण्णा?"

मी मागं उभा होतो. अण्णा तार गुंडाळत म्हणाले, "पेटीत काचेवर दाब आला होता. झाकण माझं काम, मी नीट बघितलं नाही."

ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांच्या हिशेबानं ते खरं होतं. त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिलेलं काम त्यांचंच होतं. पण सरपंच हसला, म्हणाला, "वय झालं म्हणायचं," आणि तिथंच फोन काढून कंत्राटदाराला सांगितलं, की लाईन चालू झाली, पण पुढच्या गावांना जरा तरणा माणूस द्या. अण्णांनी ऐकलं. तार गुंडाळतच राहिले. सगळे ऐकत होते. मीही ऐकत होतो, आणि तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेतली आणि डेअरीवर गेलो. आमची म्हैस दोन महिने आटलेली, किटली मोकळी. दूध घालायच्या वेळी सगळं गाव तिथं असतं. सरपंच काट्यापाशी उभा होता. माझा नंबर आला तसा माप धरणाऱ्यानं किटलीचं झाकण काढलं आणि आत बघितलं.

"आप्पा, दूध कुठाय?"

"दूध न्हाई," मी म्हटलं, मागच्या माणसालाही ऐकू जावं अशा बेतानं. "अण्णांच्या पेटीत सुपारी मी ठेवली व्हती. त्यांचा जोड चोख हाय, खोट माझी. आता पोटभर हसून घ्या. आन् हसून झालं की सरपंच, त्या कंत्राटदाराला फोन लाव. मी बोलतो."